हिंगाच्या डबीतला आवाज

गेल्या मे महिन्यात माझी सात वर्षांची भाची कोल्हापूरला माझ्या आईकडे सुट्टीला आली होती आणि मीही पुण्याहून चार दिवसांसाठी गेले होते. आदल्या रात्री तिने माझ्या लॅपटॉपवर 'द लिटल मर्मेड' बहुधा विसाव्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जाहीर केले की आता ती त्यातली जलपरी एरियल आहे आणि तिचा आवाज समुद्रातल्या चेटकिणीने घेतलेला आहे. आवाज ठेवायला शिंपला हवा होता. तो घरात नसल्यामुळे तिने हिंगाची रिकामी डबी मागून घेतली, ती तोंडाशी धरून एक लांब सूर काढला, झाकण घट्ट लावले, डबी आजीच्या हाती सोपवली आणि ती गप्प झाली. एरवी ही मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पुन्हा मिटेपर्यंत बोलत असते. त्या दुपारी मात्र ती हातवारे करत, भुवया उडवत, ओढणीची शेपटी सांभाळत घरभर फिरली आणि तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आईला हा खेळ फार आवडला. "बरं झालं बाई, घर कसं शांत वाटतंय. रोज खेळत जा हा खेळ," असे ती म्हणाली. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी पाच मिनिटे बसून मुलीकडे पाहिले आणि "किती गुणाची पोर आहे," असा शेरा दिला. मी हसले, पण तो शब्द माझ्या मनातून जाईना. आदल्या दिवशी याच काकूंनी याच मुलीला "आगाऊ" म्हटले होते, कारण तिने त्यांना त्यांचे वय विचारले होते. आगाऊपणापासून गुणीपणापर्यंतचे अंतर तिने एका डबीच्या झाकणात पार केले होते.

बोलणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्दांची कमतरता कधीच नव्हती. तोंडाळ, फटकळ, भोचक, कजाग असे शब्द आपण सहज वापरतो, आणि मुलगी जास्त बोलू लागली की तिची टकळी सुरू झाली असे म्हणतो. टकळी म्हणजे हातात धरून सूत कातण्याची चाती. तिने कातलेले सूत उपयोगी पडते आणि बाईने कातलेले बोलणे तेवढे वाया जाते, असा काहीसा हिशेब या वाक्प्रचारामागे असावा. म्हणून त्या दुपारी मला वाटले की हा खेळ मुलीने चित्रपटातून घेतला असला, तरी त्याला मिळालेली दाद आमच्या घरातली होती.

एरियलची गोष्ट मुळात हान्स ख्रिश्चन अँडरसनची आहे. 1837 सालच्या त्या कथेत चेटकीण जलपरीची जीभ कापून घेते, राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि जलपरीचा समुद्रावरचा फेस होतो. 1989 मध्ये डिस्नेने ही कथा चित्रपटात आणताना जिभेऐवजी नुसता आवाज घेतला आणि शेवट गोड केला. पाय मिळवण्यासाठी आवाज द्यावा लागेल हे कळल्यावर एरियल विचारते की आवाजाशिवाय मी करू तरी काय, तेव्हा चेटकीण उर्सुला तिला समजावते की तुझे रूप आहे, तुझा सुंदर चेहरा आहे, आणि तसेही जमिनीवरच्या पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत. 2023 च्या नव्या चित्रपटात उर्सुलाच्या गाण्यातला हा भाग गाळण्यात आला. संगीतकार अ‍ॅलन मेंकन यांनी कारण दिले की त्या ओळींमुळे लहान मुलींना आपण मध्ये बोलू नये असे वाटण्याची शक्यता होती. त्यांचा हेतू चांगला होता, पण माझ्या मते कात्री चुकीच्या जागी लागली. उर्सुला खोटे बोलते हे माझ्या भाचीला पहिल्याच वेळी कळले होते, कारण ज्या बाईला सहा पाय आहेत आणि जी इतकी गोड बोलते तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, एवढे सात वर्षांच्या मुलीला समजते. शिवाय कथाच उर्सुलाला खोटे पाडते. राजपुत्र एरियलच्या आवाजाच्या शोधात असतो आणि तो आवाज परत येईपर्यंत ती समोर असूनही तिला ओळखू शकत नाही.

मला खटकतात त्या दुसऱ्या जागा, आणि तिथे कोणी कात्री लावा म्हणणार नाही, कारण त्या गोड आहेत. होडीतल्या प्रसंगात राजपुत्र तिचे नाव ओळखायचा प्रयत्न करतो, तिला ते सांगता येत नाही, आणि शेवटी तिचे नाव उच्चारतो तो सेबॅस्टियन नावाचा खेकडा. शेवटी उर्सुला मरते, एरियलला आवाज परत मिळतो, पण ती पुन्हा जलपरी झालेली असते आणि खडकावर बसून दूर किनाऱ्यावरच्या राजपुत्राकडे पाहत राहते. तिला पुन्हा माणूस व्हायचे आहे का, हे तिला कोणी विचारत नाही आणि तीही ते बोलून दाखवत नाही. मागे पाण्यात तिचे वडील आणि तो खेकडा आपापसात बोलतात, तिचे त्याच्यावर खरेच प्रेम आहे असे ठरवतात, आणि वडील आपल्या त्रिशुळाने तिला पाय देतात. ज्या आवाजासाठी सगळा चित्रपट खर्ची पडला, तो हाती आल्यानंतर नायिकेला सर्वांत मोठ्या निर्णयात त्याचा उपयोग करावा लागत नाही. ती बापाच्या कानात एक प्रेमाचे वाक्य म्हणते आणि जहाज निघून जाते. माझ्या भाचीची शंका याहून व्यावहारिक होती. चेटकिणीच्या करारावर एरियल स्वतःची सही करते, मग तिने राजपुत्राला चिठ्ठी का लिहिली नाही, असे तिने मला विचारले होते. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि पटकथाकारांकडेही नसावे.

डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतल्या बायका किती बोलतात, हे कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर या दोन अमेरिकी भाषाभ्यासकांनी शब्द मोजून पाहिले आणि 2016 मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. अपेक्षा अशी की जुन्या चित्रपटांत बायका कमी बोलत असतील आणि काळ पुढे जाईल तसे त्यांचे बोलणे वाढत गेले असेल. आकडे उलटे निघाले. 1937 च्या 'स्नो व्हाइट'मध्ये स्त्री आणि पुरुष पात्रांचे बोलणे जवळजवळ निम्मे निम्मे आहे, 1950 च्या 'सिंड्रेला'मध्ये स्त्रियांचा वाटा 60 टक्के आणि 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'मध्ये तो 71 टक्के आहे. त्यानंतर तीस वर्षांनी आलेल्या, बंडखोर नायिकेच्या म्हणून गाजलेल्या एरियलच्या चित्रपटात 68 टक्के बोलणे पुरुषांचे आहे, 1991 च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये 71 टक्के आणि 1992 च्या 'अलादिन'मध्ये तर 90 टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला नाही, कारण 'स्लीपिंग ब्यूटी'तली ऑरोरा मला आठवत होती. आपण राजकन्या आहोत हे कळल्यावर ती रडते आणि त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत तिच्या तोंडी एकही शब्द नाही. जागी झाल्यावरही ती बोलत नाही. मग 71 टक्के बोलते कोण? बोलतात त्या तीन म्हाताऱ्या पऱ्या, ज्या केक कसा करायचा आणि झगा कोणत्या रंगाचा शिवायचा यावरून सतत भांडत असतात, आणि बोलते दुष्ट चेटकीण मॅलेफिसेंट. 'सिंड्रेला'मध्येही सावत्र आई, सावत्र बहिणी आणि जादूची काठी शोधत बसणारी परी बोलत असतात. जुन्या चित्रपटांत नायिका भित्री आणि गोड होती, पण तिच्या अवतीभवती बायका होत्या, वेगवेगळ्या वयाच्या, भांडखोर, विसराळू आणि दुष्टही. नव्या चित्रपटांनी नायिकेला धीट केले, तिच्या हाती पुस्तक दिले, आणि तिच्या आजूबाजूच्या जवळजवळ सगळ्या बायका काढून घेतल्या. एरियलला, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या बेलला आणि 'अलादिन'मधल्या जास्मिनला आई नाही. जास्मिनला तर वाघाशी बोलावे लागते. वडील, वजीर आणि राजपुत्राच्या वेशातला अलादिन हे तिघे तिच्या लग्नाबद्दल बोलत असताना ती येऊन कडाडते की तुम्ही सगळे इथे उभे राहून माझे भविष्य ठरवता आहात. वाक्य सणसणीत आहे, पण ज्या चित्रपटात दर दहा शब्दांपैकी नऊ पुरुषांचे आहेत त्या चित्रपटातच ते आहे, याची लेखकांना कल्पना असेल का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

यात कोणाचा कट होता असे मला वाटत नाही. 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची पटकथा लिंडा वुलव्हर्टन या बाईंनीच लिहिली होती. गोष्ट लिहिताना विनोदी सोबती हवा असला, दुकानदार, पहारेकरी किंवा कुत्रा हवा असला, की तो आपोआप पुरुष होतो, एवढेच. इंग्रजीत वस्तूंना लिंग नसते, त्यामुळे त्या भाषेतल्या लेखकाला प्रत्येक वस्तूसाठी ते निवडावे लागते, आणि निवडीत माणसाच्या मनातले बाहेर येते. बीस्ट या शापित राजपुत्राच्या, शापामुळे वस्तू झालेल्या नोकरांत मेणबत्तीदान आणि घड्याळ पुरुष आहेत, तर किटली, कपड्यांचे कपाट आणि पिसांचा झाडू बायका आहेत. उजेड आणि वेळ पुरुषांकडे, चहा, कपडे आणि धूळ बायकांकडे. मराठीत मेणबत्ती ती आहे आणि झाडू तो आहे. हे चित्रपट आपल्या भाषेत जन्मले असते तर निदान झाडूचे काम पुरुषाकडे गेले असते, असे मी एकदा गमतीने बहिणीला म्हटले. त्यावर ती म्हणाली, "अगं, झाडू 'तो' असून काय झालं, हातात कोणाच्या असतो?"

तरीही मराठी कानाने हे चित्रपट ऐकताना एक गोष्ट जाणवते, जी इंग्रजी कानाला जाणवणार नाही. आमच्या घरातल्या मुलांनी हे चित्रपट इंग्रजीतून किंवा हिंदीतून पाहिले, आणि मी मनातल्या मनात त्यांचे मराठी करत बसते, ही माझी जुनी खोड आहे. इंग्रजीतल्या एका साध्या 'यू'साठी मला ठरवावे लागते की बेल त्या राक्षसाला 'तुम्ही' म्हणेल की 'तू', आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर येईल ती नेमकी कोणत्या प्रसंगात. तो मात्र तिला पहिल्यापासून 'तू'च म्हणेल, यावर मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, आणि ते लक्षात आल्यावर मी थोडी ओशाळले. मराठीत तर 'मी'सुद्धा एकटा येत नाही. मी जातो, मी जाते. इंग्रजी बोलणारी बाई वाक्यभर निव्वळ माणूस म्हणून राहू शकते, तर मराठी बाईला बहुतेक वाक्यांच्या शेवटी आपण बाई असल्याची नोंद करावी लागते.

ही नोंद न करणाऱ्या बायकांत मी वाढले. कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" असेच बोलतात, आणि त्यात बंड वगैरे काही नसते. माझी आई अजूनही तसेच बोलते. मीही अठरा वर्षांची होईपर्यंत तसेच बोलत होते. पुण्यात महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात "सर, मी आलो नव्हतो काल" असे म्हटले आणि मागच्या दोन बाकांवरून हसण्याची लाट आली. कोणी वाईट वागले नाही, नुसते हसले. पंधरा दिवसांत मी 'आले' आणि 'गेले' म्हणायला शिकले. आता घरी आईशी फोनवर बोलतानाही माझ्या तोंडून 'आलो' निघत नाही, आणि मुद्दाम काढले तर नाटकी वाटते.

म्हणून 1998 चा 'मुलान' पाहताना मला त्यातल्या तलवारींपेक्षा तिचे बोलणे अधिक लक्षात राहते. चित्रपटाच्या सुरुवातीला ती लग्न जुळवणाऱ्या बाईपुढे उभी राहते. नाव पुकारल्यावर ती "हजर" म्हणते, आणि ती बाई लगेच नोंद करते की मुलगी परवानगीशिवाय बोलली. विचारलेल्या नावाला ओ देणे हाही अपराध ठरतो. पुढे ती पिंग नावाचा पुरुष होऊन सैन्यात जाते, तेव्हा तिला चालणे आणि थुंकणे यांच्याबरोबर घोगऱ्या आवाजात बोलणे शिकावे लागते. पुढे बर्फाच्या डोंगरावर ती सगळ्या पलटणीचा जीव वाचवते, जखमी होते, तिचे बाईपण उघडे पडते, आणि शत्रू अजून जिवंत आहे हे सांगायला ती नगरात धावत येते, तर कोणी ऐकत नाही. ती आपल्या कप्तानाला विचारते की पिंगवर तुझा विश्वास होता, मग मुलान वेगळी कशी. जवळच असलेला तिचा सोबती ड्रॅगन मुशू तिला आठवण करून देतो की तू आता पुन्हा मुलगी झाली आहेस. मराठीत हा प्रसंग एका मात्रेवर उभा करता आला असता. "मी सांगतो" म्हटले तेव्हा पलटण हलली, "मी सांगते" म्हटल्यावर रस्त्यावरचा माणूसही वळून पाहत नाही. वर्गातली ती हसण्याची लाट मला इथे नेहमी आठवते.

आणि याच चित्रपटाचा हिशेब असा आहे की त्यातले 77 टक्के बोलणे पुरुषांचे आहे. 2016 मध्येच झालेल्या, दोन हजार पटकथांच्या एका वेगळ्या मोजणीत असे दिसले की मुलानपेक्षा मुशू नावाच्या त्या चिमुकल्या ड्रॅगनच्या तोंडी दीडपट शब्द आहेत. बाईचे कोणी ऐकत नाही हे सांगणाऱ्या गोष्टीत बाईला बोलायला वेळ मिळू नये, यातला विनोद मुशूच्या कोणत्याही विनोदापेक्षा चांगला आहे.

मात्र नुसते शब्द मोजून फार काही हाती लागत नाही, कारण प्रश्न कोणत्या प्रकारची वाक्ये कोणाला मिळतात हाही आहे. स्नो व्हाइट सात बुटक्यांना हुकूम सोडते, पण ते हात धुवून या, दाखवा पाहू, अशा प्रकारचे असतात. तो अधिकार स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंतचा आहे. खरे हुकूम, टोमणे, लांबलचक डौलदार वाक्ये आणि धमक्या दुष्ट बायकांना मिळतात. सिंड्रेलाची सावत्र आई आणि मॅलेफिसेंट या दोघींना एलिनॉर ऑडली या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. त्या थंड, सावकाश आवाजातले एक वाक्य नायिकेच्या चार गाण्यांना भारी पडते. चांगल्या मुलीने गायचे आणि वाईट बाईने बोलायचे, अशी ती वाटणी आहे. आपल्या घरांतही जिला नीट बोलता येते ती बाई थोडी वाईट असावी अशी शंका घेतली जाते, त्यामुळे ही वाटणी आपल्याला परकी वाटत नाही.

नव्या नायिकांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. 2013 च्या 'फ्रोझन'मधली अ‍ॅना धाडसी आहे, पण राजपुत्र भेटल्यावर ती अडखळते, वाक्य अर्धे टाकते, स्वतःलाच खोडते, आणि ते आपल्याला लोभस वाटावे अशी योजना आहे. रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्येच लिहून ठेवले होते की बायकांना आपले म्हणणे ठामपणे न मांडता 'ना', 'की नाही', 'असं वाटतं' अशी शेपटे जोडून मांडायला शिकवले जाते. अ‍ॅनाला पाहताना वाटते की पूर्वी हे शिकवले जात असे आणि आता ते गोंडस म्हणून दाखवले जाते. तिची बहीण एल्सा हिला तर लहानपणापासून मनातले झाकून ठेव, कोणाला कळू देऊ नकोस, एवढेच शिकवलेले असते. दोन बहिणींच्या या गोष्टीत त्या दोघी बरीच वर्षे एका बंद दाराच्या दोन बाजूंना असतात, एक बोलते आणि दुसरी उत्तर देत नाही, आणि दोन नायिका असूनही चित्रपटातल्या एकूण बोलण्यात बायकांचा वाटा 41 टक्के आहे.

आपल्याकडच्या मुलांच्या रोजच्या मालिकांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. 'छोटा भीम'मधली, भीमाला लाडू पुरवणारी चुटकी सगळ्यांनी पाहिली आहे. 2020 मध्ये भीमाने तिला सोडून राजकुमारी इंदुमतीशी लग्न केले म्हणून समाजमाध्यमांवर मोठी माणसे हळहळली आणि निर्मात्यांना ही पात्रे अजून लहान मुले आहेत असा खुलासा करावा लागला. त्या सगळ्या गदारोळात चुटकीला काय हवे आहे, हा मुद्दा कोणाला सुचल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. डोरेमॉनच्या मूळ जपानी मालिकेत नोबिता शिझुकाला लाडाने 'चान' लावून हाक मारतो आणि ती त्याला आदराने 'सान' लावते, दोघेही एकाच वर्गात असून. गंमत अशी की नोबिता आणि डोरेमॉन या दोघांचेही जपानी आवाज बायकांचे आहेत. मुलगा म्हणून बोलायचे असले की बाईला भरपूर वाक्ये मिळतात.

या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो 2012 चा 'ब्रेव्ह', ज्यात 74 टक्के बोलणे बायकांचे आहे. त्याचे कारण साधे आहे, या चित्रपटातली आई जिवंत आहे. राणी एलिनॉर मुलीला, मेरिडाला, राजकन्येने कसे वागावे याचे धडे देते, आणि त्यातला एक धडा असा की बोलताना शब्द स्पष्ट उच्चार, खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून ऐकू आले पाहिजे. मला ही आई त्यामुळे आवडते. ती मुलीला गप्प बस म्हणत नाही, तर माझ्यासारखे बोल म्हणते. दोघी भांडतात, मग रुसतात, आणि एका सुरेख प्रसंगात आई आपले सगळे म्हणणे नवऱ्यापुढे मांडते, जो मुलीचा आवाज काढून तिला उत्तरे देत असतो, आणि त्याच वेळी मुलगी आपले सगळे म्हणणे तबेल्यात घोड्यापुढे मांडते. एकमेकींना सांगायचे ते दोघी दुसऱ्यालाच सांगत बसतात. माझ्या आईने माझ्याबद्दलची कित्येक वाक्ये भांडी घासताना नळाला ऐकवलेली आहेत.

पुढे मेरिडाच्या हट्टापायी आईचे अस्वल होते आणि तिची वाचा जाते. एरियलनंतर 23 वर्षांनी पुन्हा एका बाईचा आवाज हरवतो, पण या वेळी तो आईचा असतो. दरबारात चार कुळांचे सरदार भांडणाच्या पवित्र्यात आहेत, मेरिडा त्यांना थोपवण्यासाठी बोलायला उभी राहिली आहे, आणि मागे सावलीत अस्वल झालेली राणी हातवाऱ्यांनी तिला पुढचे वाक्य सुचवते आहे. ती सुचवते ते असे की जुनी रीत मोडावी आणि मुलांनी आपल्या मनाप्रमाणे आपल्या वेळी लग्न करावे. ज्या रीतीसाठी आई हट्टाला पेटली होती ती मोडण्याचे वाक्य मूक आईकडून येते आणि मुलीच्या तोंडून, खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात ऐकू जाईल असे, बाहेर पडते. भाचीबरोबर हा प्रसंग पाहताना मी डोळे पुसले. तिने मला विचारले की अस्वल तर गमतीदार दिसते आहे, मग तू रडतेस का.

2016 च्या 'मोआना'मधली एक गोष्ट मात्र तिने अचूक पकडली. मोआनाला देवाचा अंश असलेल्या माउईला हुकूम द्यायचा असतो की माझ्या होडीत चढ आणि समुद्रापार चल, आणि ती हे वाक्य घोकत राहते, तालमी करते. प्रत्यक्ष भेट होते तेव्हा माउई तिला वाक्य पुरे करू देत नाही, दर वेळी मध्येच तोडतो. "बाबा पण आईला असंच करतात," असे भाची म्हणाली. माझी बहीण आणि तिचा नवरा मागेच बसले होते. दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही, आणि नंतर बराच वेळ बहीण उगाचच हसत होती.

त्या दोन अभ्यासकांनी कौतुकाची वाक्येही मोजली होती. पहिल्या तीन चित्रपटांत बायकांच्या वाट्याला आलेल्या कौतुकापैकी 55 टक्के कौतुक दिसण्याचे होते, आणि अलीकडच्या चित्रपटांत ते 22 टक्क्यांवर येऊन कर्तबगारीचे कौतुक 40 टक्क्यांपर्यंत गेले. हे वाचल्यावर मी कोल्हापूरच्या घरात स्वतःच्याच बोलण्याकडे कान देऊ लागले. भाची सकाळी बाहेर आली की मी "किती गोड दिसतेस गं" म्हणत होते, आणि तिच्या धाकट्या भावाला "काय करतोयस रे" असे विचारत होते. हे मी कोणत्याही चित्रपटातून शिकले नव्हते. दुसऱ्या दिवशी ठरवून तिला म्हटले, "आज काय बेत आहे?" तेव्हा तिने अकरा मिनिटे उत्तर दिले आणि माझा चहा गार झाला.

त्या मूक दुपारचे राहिले. खेळ संध्याकाळपर्यंत चालला. दिवेलागणीला आईने देवापुढे तिला शुभंकरोति म्हणायला सांगितले, तर तिने नुसते ओठ हलवले. रात्री पाने मांडली. भाजी दोडक्याची होती आणि तिला दोडका अजिबात आवडत नाही, हे आईला माहीत नव्हते. आईने वाढली, तिने हाताने नको अशी खूण केली, आईला वाटले थोडी आणखी हवी आहे, म्हणून तिने पळी पुन्हा भरली. मुलीने जोरजोरात मान हलवली. "लाजू नकोस, खा पोटभर," असे म्हणून आईने वर तूप सोडले. मी मध्ये बोलणार होते, पण मुलीने माझ्याकडे असे डोळे वटारून पाहिले की मी गप्प बसले. एरियलची बाजू खेकड्याने मांडलेली तिला चालत असली, तरी स्वतःची मावशीने मांडलेली चालणार नव्हती. ती एक घास गिळेपर्यंत थांबली, मग उठली, ओट्यावरची हिंगाची डबी घेतली, झाकण काढून तोंडाला लावली आणि सगळे पाणी प्यावे तशी प्यायली.

"आजी, मला दोडका नकोय. आणि मघाशी पण नको होता."

"अगं बाई," आई पळी हातात तशीच धरून म्हणाली, "मी समजलो तुला आवडला. मग आधी बोलायचं नाही का?"

"कशी बोलणार? माझा आवाज तुझ्याकडे होता ना."

आईने ताटातला दोडका स्वतःच्या पानात काढून घेतला आणि तिला लोणचे वाढले. त्यानंतर दुपारपासून साचलेले सगळे बोलणे बाहेर पडू लागले. साखर मागायला आलेल्या काकूंच्या पदराला भोक होते, मांजर दोनदा ओट्यावर चढले होते, मावशी फोनवर कोणाशी तरी खोटे बोलली होती आणि आजी झोपेत घोरते, हे सगळे तिने गप्प राहून पाहून ठेवले होते. साडेदहा वाजता दिवा मालवला तरी अंधारात ती बोलतच होती, आणि आई मधूनमधून "हं" म्हणत होती.